चासीपासून वर : जुनी जीप-व्हॅन घरी उभी करताना

जुनी व्हॅन भंगारातून पुन्हा रस्त्यावर आणायची, तर काम चासीपासून सुरू होतं आणि चासीचं काम कागदापासून. हा क्रम उलटला की पैसा, वेळ आणि उमेद तिन्ही वाया जातात. चासी वाकडी असेल किंवा तिची नोंदणी रद्द झालेली असेल, तर चांगलं इंजिन आणि चकचकीत रंग असूनही गाडी अंगणातच राहते. म्हणून या लेखात आपण खालून वर जाऊ: कागद, चासी, पाटे, ब्रेक, इंजिन, वायरिंग, बॉडी आणि शेवटी रंग.

समोर ठेवलेली गाडी महाराष्ट्राच्या ओळखीची आहे: महिंद्राची एफसी, म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल जीप. अमेरिकेच्या विलीज कंपनीने ती १९५६च्या अखेरीस आणली. तिचं रूप ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरने घडवलं. कल्पना सोपी होती. सीजे-५ जीपची आखूड चासी घ्यायची, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ८१ इंच, म्हणजे साधारण २०५७ मिलिमीटर, तेवढंच ठेवायचं आणि ड्रायव्हरची केबिन पुढे सरकवून इंजिनाच्या वर आणायची. बॉनेटची लांबी वाचली, ती मागे माल आणि माणसांसाठी मिळाली. विलीजच्या जीप १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत माझगावला जोडणाऱ्या महिंद्राने साठच्या दशकाच्या मध्यावर एफसी-१५० बनवायला घेतली, पुढे एफसी-१६० आली. या चासीवर पिकअप, मिनीबस, रुग्णवाहिका, बंद व्हॅन अशा तऱ्हेतऱ्हेच्या बॉड्या चढल्या.

पिंपळगाव बसवंतला हे काम घरी करता येतं, याला कारणं आहेत. मुंबई-आग्रा महामार्गावरचं, निफाड तालुक्यातलं हे गाव नाशिकपासून साधारण ३० किलोमीटरवर आहे. द्राक्षं, टोमॅटो आणि कांद्याची वाहतूक, ट्रॅक्टर आणि फवारणीचे ब्लोअर यांच्यामुळे या पट्ट्यात लेथ, वेल्डिंग, पाटे, रेडिएटर आणि पत्र्याची कामं जिवंत राहिली. नाशिकच्या वाटेवर ओझरला एचएएलचा विमान कारखाना, पुढे सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती, सातपूरला महिंद्राचा कारखाना आणि त्याही पुढे इगतपुरीला महिंद्राच्याच इंजिनांचा. शेडमध्ये जे जमत नाही ते जवळपासच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये होऊ शकतं.

आधी कागद

कायद्याच्या नजरेत गाडी म्हणजे चासी नंबर. इंजिन बदललं, बॉडी बदलली, तरी नोंदणीचा धागा त्या कोरलेल्या अंकांना बांधलेला असतो. म्हणून चासी घेताना तिच्यासोबत आरसी बुक आणि मालकाची किंवा वारसांची सही मिळते का, हे आधी पाहायचं. अधिकृत भंगार केंद्रात जमा झालेली गाडी सरकारी नोंदीतून कायमची बाद होते. तिचे सुटे भाग वापरता येतील, पण तिच्या चासीवर रस्त्यावर चालणारी गाडी उभी राहत नाही.

चासीवरचा नंबर आरसीतल्या नंबराशी अंक न् अंक जुळला पाहिजे. तो सापडला की तारेच्या ब्रशने घासायचा नाही. डिझेलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसायचा, कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा घ्यायचा, मग ग्रीस लावून वर टेप चिकटवायची. पुढे ग्राइंडर, अॅसिड आणि रंग यांपासून तो जपायचा आहे. अंक पुसट दिसतात म्हणून पुन्हा कोरून घेणं हा गुन्ह्याचा रस्ता आहे. तसं करायची वेळ आली तर आधी आरटीओकडे जायचं.

नोंदणीचे दोन मार्ग आहेत. पहिला नेहमीचा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते, त्यासोबत पर्यावरण कर येतो. दुसरा मार्ग जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या 'व्हिंटेज' तरतुदीचा. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा प्रवासी चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नूतनीकरणाची ५,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला ती चालत नाही.

या दुसऱ्या मार्गाच्या दोन अटी नीट वाचायला हव्यात. चारचाकी प्रवासी वर्गातली, म्हणजे चालक सोडून आठ आसनांपर्यंतची हवी; मालवाहू म्हणून नोंदलेली व्हॅन त्यात येत नाही. शिवाय गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नुसत्या चासीवर नवी बॉडी बांधणाऱ्याला ही अट अडवू शकते. नेहमीच्या मार्गातही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच: उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून गाडी दूर जाईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९च्या निकालात हे ठामपणे सांगितलं. म्हणून बॉडीचा प्रकार, आसनं आणि इंधन यांबद्दल आरटीओशी बोलणं काम सुरू होण्याआधी व्हायला हवं. जितकं मूळ वाचेल तितका कागद सोपा जातो. याच कारणाने पुढच्या प्रत्येक टप्प्यावर आपला पहिला प्रश्न एकच राहील: हा भाग वाचवता येईल का?

चासी मोजणं

जीपची चासी शिडीच्या घडणीची असते. दोन लांब पट्ट्या आणि त्यांना बांधणाऱ्या आडव्या पट्ट्या, ज्यांना गॅरेजमध्ये क्रॉस मेंबर म्हणतात. या घडणीला थोडं पिळवटता येतं आणि ते तिच्या रचनेतच आहे. खड्ड्यात एक चाक उतरलं की चासी किंचित वळते आणि परत येते. कायमची वळलेली चासी मात्र आधी सरळ करावी लागते.

पहिली तपासणी कानाची. लहान हातोडीने संपूर्ण पट्टी ठोकत जायचं. निरोगी पोलाद खणखणतं, गंजलेलं बद्द वाजतं. सगळ्यात जास्त संशय चार जागांवर घ्यायचा: पाट्यांचे हँगर, रिव्हेटचे जोड, बॉडीचे ब्रॅकेट आणि मागच्या चाकांच्या वरचा भाग. दोन पत्रे एकमेकांवर बसतात तिथे पाणी शिरतं आणि सुकत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, त्यामुळे तो आतून ढकलत रिव्हेट सैल करतो. द्राक्षबागेच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं पडलेल्या चासीवर आणखी एक घाला झालेला असतो. मोरचूद आणि खताची पोती शेजारी असतील, तर त्यांचा ओलावा लोखंड झपाट्याने खातो. काम सुरू करताना ती पोती दुसरीकडे हलवायची.

दुसरी तपासणी मापाची. त्यासाठी यंत्र लागत नाही. गवंड्याची हत्यारं पुरतात. चासी चार घोड्यांवर ठेवायची. लेव्हलच्या पारदर्शक नळीत पाणी भरून चारही कोपरे एका पातळीत आणायचे. दोन्ही बाजूंना समोरासमोर येणारी मूळ भोकं निवडायची, प्रत्येकातून ओळंबा सोडायचा आणि फरशीवर त्याचं टोक टेकतं तिथे खडूची खूण करायची. मग चासी बाजूला ढकलून फरशीवरच्या खुणांमध्ये कर्ण मोजायचे. पुढच्या डाव्या खुणेपासून मागच्या उजव्या खुणेपर्यंतचं अंतर आणि त्याच्या उलटं अंतर सारखं आलं पाहिजे. पाच-सहा मिलिमीटरपर्यंतचा फरक सहसा चालतो. त्याहून जास्त असेल तर चासी तिरकी झाली आहे. तसं झालं की मागचा अॅक्सल पुढच्याशी समांतर राहत नाही, गाडी सरळ रस्त्यावरही अंग चोरून तिरकी चालते आणि टायर घासत राहतात. सरळ करण्याचं काम हायड्रॉलिक ओढ असलेल्या वर्कशॉपचं आहे. घरी जॅक लावून बळ काढायचं नाही.

सगळी मापं वहीत लिहून ठेवायची, कारण पुढे प्रत्येक वेल्डिंगनंतर हीच मापं परत घ्यायची आहेत.

गंज काढणं आणि जोड देणं

चासीचं पोलाद जाड असल्याने सँडब्लास्टिंग तिला मानवतं. दार किंवा छपराच्या पातळ पत्र्यावर मात्र जोराच्या माऱ्याने पत्रा ताणतो आणि लाटा पडतात. तिथे तारेचा ब्रश आणि फॉस्फोरिक अॅसिडचं गंजनाशक बरं. ते उरलेल्या गंजाचं फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं. ब्रॅकेट, पेडल, बिजागऱ्या अशा लहान भागांसाठी घरगुती विद्युत-पद्धत उत्तम चालते. प्लॅस्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक साध्या लोखंडी पट्टीला. स्टेनलेस स्टीलची पट्टी वापरायची नाही, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून टब उघड्यावर ठेवायचा आणि जवळ विडी-काडी चालणार नाही.

उघडं पोलाद रात्रभरही तसं ठेवू नये, विशेषतः पावसाळ्यात. त्याच दिवशी प्राइमर लागला पाहिजे. पट्टीचा बंद पेटीसारखा भाग असेल, तर आतून मेणाचं किंवा तेलाचं संरक्षण फवारायचं आणि खालची पाणी जाण्याची भोकं मोकळी ठेवायची.

आता जोड. पट्टीवर भार येतो तेव्हा तिची वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते आणि उभ्या भिंतीच्या मध्यावर ताण जवळजवळ शून्य असतो. एवढं ध्यानात ठेवलं की बाकीचे नियम आपोआप सुचतात. भोक पाडायचं तर उभ्या भिंतीच्या मध्याजवळ. वरच्या-खालच्या कडेला कधीच नाही. कडेवर आडवं वेल्डिंग नको, कारण तापलेल्या रेघेशेजारचं पोलाद ठिसूळ होतं आणि तडा तिथूनच सुरू होतो. थिगळ लावायचं तर चौकोनी न कापता टोकं निमुळती करायची, म्हणजे ताण एका जागी अडकत नाही. वेल्डिंग लहान लहान टाक्यांनी, एकदा इकडे, एकदा तिकडे. सलग रेघ मारली तर उष्णतेने चासी ओढली जाते आणि जमवलेले कर्ण पुन्हा बिघडतात.

कारखान्यात बरेच जोड तापवलेल्या रिव्हेटने केलेले असतात. रिव्हेट थंड होताना आखडतो आणि दोन पत्रे घट्ट दाबून धरतो. तो कापल्यावर त्या जागी साधा बोल्ट चालत नाही. भोक रीमरने नेमकं करून त्यात घट्ट बसणारा ८.८ ग्रेडचा बोल्ट टाकायचा. सैल बोल्ट रोज थोडा सरकतो आणि भोक लांबट करत जातो.

पाटे, अॅक्सल, स्टिअरिंग

एफसीला चारही चाकांवर पाटे आहेत. भार आला की पाटा सपाट होतो, आणि सपाट झालेला पाटा लांबीने वाढतो. म्हणून त्याचं एक टोक पक्कं आणि दुसरं झुलत्या शॅकलवर असतं. शॅकलचा बुश अडकला की पाटा वाढू शकत नाही. सगळा धक्का चासीच्या हँगरला बसतो आणि तिथे तडा जातो. हँगरच्या तड्याचं मूळ अशा प्रकारे अनेकदा शॅकलमध्ये सापडतं.

पाटे सुटे करून तपासायचे. तडकलेला पाटा बदलायचा. बसलेले पाटे कमानीत आणण्याचं काम पाटेवाल्या कारागिरावर सोपवायचं, कारण पुन्हा तापवताना पोलादाचं पाणी उतरलं तर पाटा काही महिन्यांत परत बसतो. मधला सेंटर बोल्ट अॅक्सलची जागा ठरवतो. तो तुटला तर अॅक्सल सरकतो आणि चासी सरळ असूनही गाडी तिरकी चालते. यू-बोल्ट नेहमी नवे घालायचे. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसाच पकडत नाही.

पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवायचं: ढिलेपणा असेल तर तो बेअरिंगचा किंवा किंगपिनचा. डावी-उजवीकडे धरून हलवायचं: तो ढिलेपणा ट्रॅक रॉडच्या टोकांचा. सहायकाला ब्रेक दाबायला सांगून वर-खाली हलवलं आणि ढिलेपणा गेला, तर दोष बेअरिंगचा. राहिला तर किंगपिनचा.

ब्रेक : इथे मूळपणाचा हट्ट सोडायचा

त्या काळच्या जीपमध्ये चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि एकच तेलवाहिनी असे. पायाचा दाब तेलातून चारही चाकांना सारखा पोचतो, ही तिची ताकद; कुठेही एक पाइप फुटला की चारही ब्रेक एकदम जातात, ही तिची कमजोरी. दोन स्वतंत्र वाहिन्यांचा मास्टर सिलिंडर बसवला, तर एक फुटली तरी दुसरी गाडी थांबवते. घरच्यांना बसवून महामार्गावर जायचं असेल तर हा बदल मी करायलाच सांगेन. तो आरटीओला आधी कळवायचा आणि जुना सिलिंडर जपून ठेवायचा.

जुन्या ब्रेक-लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरने धूळ उडवायची नाही. मास्क लावून ओल्या कापडाने पुसायची आणि ते कापड पिशवीत बंद करून टाकायचं. ब्रेकचे सगळे पाइप नवे, पोलादी किंवा तांबे-निकेलचे, टोकं दुहेरी दुमडलेली. नुसत्या तांब्याचा पाइप हादऱ्यांनी कडक होऊन तडकतो. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं. ओल आली की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि घाटात तापलेल्या ब्रेकमध्ये वाफ धरते. वाफ दाबली जाते, पाय खाली जातो, गाडी थांबत नाही. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी तेल बदलायचं. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीत ते मागचं डावं चाक.

इंजिन

मूळ एफसीत विलीजचं हरिकेन इंजिन: चार सिलिंडर, २१९९ घनसेंटिमीटर, पेट्रोल. त्याची घडण वेगळी आहे. हवा-इंधन आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. पुढच्या काळात महिंद्राने प्यूजोच्या परवान्याने एक्सडीपी ४.९० हे २११२ घनसेंटिमीटरचं डिझेल इंजिन आणलं आणि अनेक जुन्या जीपमध्ये ते चढलं. तुमच्या चासीत डिझेल आणि आरसीत पेट्रोल असेल, तर आधी कागद जुळवायचा.

जाम झालेलं इंजिन जोर लावून फिरवायचं नाही. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडायचं, काही दिवस मुरू द्यायचं, मग पुली हाताने पुढे-मागे किंचित हलवत सोडवायची. उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्यायचा, प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत ठेवून चिठ्ठी लावायची. बेअरिंग कॅप आणि व्हॉल्व्ह ज्या जागेचे त्याच जागी परत गेले पाहिजेत.

सिलिंडरची झीज वरच्या रिंगच्या जागेजवळ सर्वाधिक असते. स्फोटाचा दाब तिथे जास्त आणि तेलाचा थर तिथे सगळ्यात पातळ. म्हणून बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजायचा. झीज मर्यादेत असेल तर होनिंग आणि नव्या रिंगा पुरतात. जास्त असेल तर २० किंवा ४० थाऊ ओव्हरसाइज बोअर करून त्या मापाचे पिस्टन. २० थाऊ म्हणजे अर्धा मिलिमीटर. पहिल्याच वेळी ४०वर उडी मारू नये. ब्लॉकचं लोखंड एकदा गेलं की परत येत नाही.

जुन्या पेट्रोल इंजिनासाठी आजचं इंधन परकं आहे. शिसंमिश्रित पेट्रोल भारतात फेब्रुवारी २०००पासून बंद झालं. त्यातलं शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला गादीसारखं जपत असे, म्हणून ब्लॉकमध्ये कडक पोलादाच्या बैठका बसवून घ्यायच्या. दुसरा बदल इथेनॉलचा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर आणि कॉर्क खराब करतं, आणि पाणी शोषत असल्याने टाकी आतून गंजवतं. इंधनाचे सगळे पाइप, कार्ब्युरेटरचे वायसर आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे घ्यायचे. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवायची.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून सेल्फ मारत तेलाचा दाब मीटरवर येऊ द्यायचा. सुरू झाल्यावर आयडलवर सोडायचं नाही. पहिली २० मिनिटं १५०० ते २००० फेऱ्यांवर ठेवायचं, म्हणजे नवा कॅमशाफ्ट आणि टॅपेट यांना पुरेसं तेल उडतं आणि ते एकमेकांना नीट बसतात. एफसीत इंजिन दोन सीटांच्या मधल्या पेटीत असतं. पेटीचं रबर आणि उष्णतारोधक अस्तर नवं घातलं नाही, तर उष्णता आणि धूर थेट केबिनमध्ये येतात.

वायरिंग

जुनी वायर दिसायला चांगली असली तरी सोलून पाहिली की आत हिरवी-काळी निघते. पूर्ण हार्नेस नवा करायचा. बॅटरीचं एक टोक चासीला जोडलेलं असतं आणि प्रत्येक दिव्याचा परतीचा प्रवाह चासीतूनच जातो. नव्या रंगानंतर दिवे मंद लागतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच: अर्थिंगच्या जागी रंग बसलेला असतो. तिथे वर्तुळभर धातू उघडा करायचा, बोल्ट कसायचा, वरून ग्रीस लावायचं. इंजिन आणि बॉडी रबरावर बसलेली असल्याने दोघांपासून चासीपर्यंत वेगळ्या अर्थ-पट्ट्या द्यायच्या. हेडलाइटला रिले आणि प्रत्येक शाखेला फ्यूज. फ्यूज वायरीच्या जाडीला शोभेल असा, कारण तो वायर जळण्यापासून वाचवण्यासाठी असतो.

बॉडी

सगळ्यात जास्त विचार इथे लागतो. चासी पिळवटते, डबाबंद बॉडी पिळवटत नाही. दोन्ही घट्ट जोडल्या तर दाराची चौकट फाटते किंवा काचा तडकतात. म्हणून बॉडी आणि चासी यांच्यामध्ये रबरी पॅड असतात. काही टेकू पक्के आणि काही थोडे हलणारे ठेवायचे, म्हणजे खालची चासी वळली तरी वरचा डबा आपला आकार राखतो.

मूळ केबिन मिळाली तर ती कितीही कुजलेली असली तरी टाकायची नाही. खालची पट्टी आणि दारांचे पाय सोडले तर वरचा भाग बहुधा वाचतो, आणि सगळ्या नव्या पत्र्यासाठी तोच नमुना असतो. कुजलेला भाग एका वेळी एकच कापायचा. कापण्याआधी चौकटीत आतून कोनपट्ट्यांचे आडवे-तिरके टेकू वेल्ड करायचे. नाहीतर केबिन ढासळते आणि दार परत बसत नाही. दोन्ही दारं लावून, उघडून-मिटून पाहिल्याशिवाय शेवटचं वेल्डिंग नको.

मागच्या डब्याची चौकट चौकोनी पाइपची, वर १८ किंवा २० गेज पत्रा. मोठा सपाट पत्रा चालताना थडथडतो. त्यावर यंत्राने लांब उठावदार रेघा काढल्या की तोच पत्रा कितीतरी ताठ होतो. ब्रुक्स स्टीव्हन्सनेच रूप दिलेली १९४६ची विलीज स्टेशन वॅगन संपूर्ण पोलादी होती आणि तिच्या बाजूंवर अशा उठावाच्या रेघा होत्या. मोटारींच्या बॉड्या बनवणारे मोठे कारखाने विलीजला मिळत नव्हते, म्हणून तिचे पत्रे साध्या, कमी खोलीच्या प्रेसवर निघतील असे आखले गेले. घरच्या शेडमध्ये बेंडिंग मशीन आणि हातोडी-डॉलीने काम करणाऱ्याला याहून चांगला धडा नाही: आकार असा निवडायचा की तो आपल्या हत्यारातून निघेल.

अॅल्युमिनियमचा पत्रा हलका असतो, पण तो पोलादावर थेट बसवला तर ओलाव्यात दोघांमध्ये विद्युत-क्रिया होऊन अॅल्युमिनियम झिजतं. मध्ये रबर किंवा टेप हवी. प्रत्येक पोकळीच्या तळाशी पाणी जायला भोक हवं.

वजनाचाही हिशेब आहे. आखूड चासी, पुढे सरकलेली केबिन आणि पुढेच इंजिन यामुळे रिकामी एफसी-१५० नाकाकडे जड असते. विलीजने त्यासाठी चासीच्या मागच्या भागात ओतीव लोखंडाचं वजन बसवलं होतं. तुमच्या चासीवर ते असेल तर अनावश्यक समजून काढायचं नाही. उंच, जड छप्परही टाळायचं. उंच वजन आणि छोटा पाया यांचं वळणावर जमत नाही.

रंग

रंगाची वेळ हवा ठरवते. पावसाळी दमट हवेत एनसी रंग मारला की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर जमते आणि रंग पांढुरका पडतो. म्हणून जून ते सप्टेंबर आतली कामं करावीत: इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग. रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत, पण शेजारच्या बागेत गंधकाची धुरळणी किंवा फवारणी चालू नाही हे पाहून.

लांबी, म्हणजे पुट्टी, पत्र्यावर दोन-तीन मिलिमीटरहून जाड नको. खोलगट भाग आधी हातोडी-डॉलीने उचलायचा; लांबीने खड्डा बुजवला तर हादऱ्यांनी ती सुटते. दोन घटकांच्या पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना कायमचं दुखवू शकतं आणि साधा मास्क त्याला अडवत नाही. हा रंग बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा असलेल्या बूथमध्येच मारून घ्यावा.

पहिल्या फेऱ्या आणि वही

गाडी पहिल्यांदा चालवायची ती आवारातच, वेग अगदी कमी. ब्रेक सरळ लागतात का, स्टिअरिंग वळणानंतर परत येतं का, कुठे तेल टपकतं का. प्रत्येक फेरीनंतर चारही ड्रमला हात लावून पाहायचा. एक ड्रम इतरांहून गरम लागला तर तिथला ब्रेक अडकतो आहे. नोंदणी, विमा आणि तपासणी पूर्ण झाल्यावर रस्ता. पहिल्या साधारण ५० किलोमीटरनंतर यू-बोल्ट, चाकांचे नट, बॉडीचे बोल्ट पुन्हा कसायचे. नवे जोड बसतात आणि सैल होतात, हे धरूनच चालायचं. पहिल्या ५०० किलोमीटरच्या आसपास इंजिनाचं तेल बदलायचं आणि काढलेल्या तेलात चमकणारे कण दिसतात का, ते उन्हात धरून पाहायचं.

सुरुवातीला कर्ण लिहिलेली ती वही आता भरलेली असेल: चासीची मापं, बोअर किती थाऊ केला, कोणता बेअरिंग नंबर बसला, वायरीचा कोणता रंग कुठे गेला, पाटे कोणी चढवले, आरटीओला कोणता अर्ज कधी दिला. तिची एक प्रत गाडीच्या कागदांसोबत ठेवा. जुन्या गाड्यांची माहिती आज प्रामुख्याने उतारवयाच्या कारागिरांच्या हातात आहे, आणि त्यातली थोडीच कागदावर आली आहे. पाटेवाला किती तापवून पाणी देतो, पत्र्याचा कारागीर डॉली कुठे धरतो, हे शेजारी बसून विचारा आणि त्यांच्या परवानगीने लिहून घ्या. घरातल्या पोराला स्पॅनर धरायला दिला तर त्याच्या हाती वहीसुद्धा द्या. पुढच्या वेळी तालुक्यात कुठे अशी चासी सापडली, तर ती उभी करणाऱ्याला सुरुवात शून्यापासून करावी लागणार नाही.